अहमदाबाद–बडोदा एक्सप्रेसवे: बऱ्याच महिन्यांच्या ये-जा नंतर

घर बडोद्यात, नोकरी अहमदाबादेत. त्यामुळे हा रस्ता आता तोंडपाठ झालाय. नव्याने ये-जा सुरू करणाऱ्या बडोदेकरांसाठी लिहितोय.

रस्ता ९३ किलोमीटरचा, २००४ पासूनचा. बडोद्याच्या टोकाला दुमाडला वर चढलं की थेट अहमदाबादच्या टोकाच्या सीटीएमपर्यंत ना सिग्नल, ना मधे गाव. दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. सकाळी लवकर निघालात तर सव्वा तासात अहमदाबादच्या वेशीवर पोचता. पुढे शहरात किती वेळ जाईल ते मात्र तुमचं ऑफिस कुठे आहे त्यावर.

खरी अडचण लेनची आहे. एका बाजूला दोनच लेन. भरलेला ट्रेलर दुसऱ्या ट्रेलरला ओव्हरटेक करायला उजवीकडे आला की दोघांच्या वेगात जेमतेम चार-पाचचा फरक असतो, आणि दोघं कितीतरी वेळ शेजारी-शेजारी चालत राहतात. मागे गाड्यांची रांग लागते, डिपर मारणारे मारत बसतात. अशा वेळी लेनबाहेरच्या डावीकडच्या कडेच्या पट्टीतून घुसणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तिथे ट्रक उभे असतात. एप्रिल २०२४ मध्ये नडियादजवळ उभ्या ट्रेलरवर कार आदळून १० जण गेले. ती पट्टी ओव्हरटेकसाठी कधीच वापरू नका. टायर फुटलाच तर गाडीतल्या सगळ्यांना आधी रेलिंगपलीकडे न्या, मग फोन करा. हिवाळ्यात पहाटे शेतांवरचं धुकं रस्त्यावर उतरतं, तेव्हा तासभर उशिरा निघालेलं बरं.

टोल जिथे उतराल तेवढ्याच अंतराचा कापला जातो, म्हणून आणंद-नडियादच्या लोकांनाही रस्ता परवडतो. आणि मधे उतरायला हवंच! महीचा पूल ओलांडताना दोन्ही काठांच्या मातीच्या घळी दिसतात, तिथून पुढे सगळा चरोतर, म्हणजे आणंद-नडियादचा सुपीक पट्टा. आणंदला उतरलात तर १९४६ साली दूध उत्पादकांनी उभी केलेली अमूल डेअरी आहे, आणि जवळच करमसदला सरदार पटेलांचं वडिलोपार्जित घर. आईबाबांना घेऊन गेलो होतो, बाबा त्या घरातून निघायलाच तयार नव्हते. एक्सप्रेसवेवरून सुसाट जाणाऱ्याला या गावांची नुसती पाटी दिसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वसदला किंवा आतल्या गावांत काम असेल तर मात्र जुना हायवेच धरा, एक्सप्रेसवेवर चढून उपयोग नाही.

नडियादला उतरून जवळच्या उत्तरसंड्याचे पापड आणि मठिया (पापडासारखा तळलेला कुरकुरीत फराळ) घ्यायचे असतील तर दिवाळीच्या बरंच आधी जा. ऐन सणात तिथल्या दुकानांसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही.