आयपीवरून देश ओळखायचाय: वेब एपीआय घ्यावा की फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवावी?

माझ्या मावशीचा नाशिकला घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना तिच्या चकल्या, अनारसे, शंकरपाळे न्यू जर्सी, लंडन, दुबईला जात असतात. साइट मी सांभाळतो, जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये आहे. भारतातल्या माणसाला रुपयात भाव आणि साधं कुरिअर दिसावं, बाहेरच्याला डॉलरमध्ये भाव आणि परदेशी पार्सलचा खर्च दिसावा, एवढ्यासाठी मला आयपीवरून, म्हणजे येणाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, देश काढायचा होता. दोन वर्षं वेब एपीआय (आयपी पाठवला की देश सांगणारी दुसऱ्या कंपनीची ऑनलाइन सेवा) वापरला, मग तो काढला आणि जिओआयपी२ ही पायथन लायब्ररी आणि सोबत मॅक्समाइंड या कंपनीची जिओलाइट२ फाइल (कुठला आयपी कुठला, याची यादी) लावली. दोन्ही स्वतः चालवलंय म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, अचूकपणा बघून यातलं एक निवडायला जाऊ नका. देशाच्या बाबतीत मला तरी दोघांत फरक जाणवला नाही आणि शहराच्या बाबतीत दोघंही सारखेच चुकतात. मी नाशिकरोडला बसून मोबाइल डेटावर साइट उघडली की दोन्हीकडे मुंबई यायचं, घरचं वायफाय लावलं की कधी नाशिक, कधी पुणे. मोबाइल कंपन्या असंख्य गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात, त्यासाठी १००.६४.०.० पासूनचा पट्टा २०१२ सालीच राखून ठेवलाय, आणि तुम्हाला दिसतो तो त्यांचा बाहेर पडायचा दरवाजा, माणूस कुठे बसलाय ते नाही.

अक्षांश-रेखांशावर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. ‘अमेरिका आहे, पण नक्की कुठे ते माहीत नाही’ अशा आयपींसाठी मॅक्समाइंडने देशाचा मध्य म्हणून ३८ आणि उणे ९७ असे गोल आकडे धरले होते आणि तो बिंदू नेमका त्या शेतावर पडायचा. ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका घराकडे बोट दाखवायचे, वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेली माणसं त्या दारात येत राहिली, शेवटी २०१६ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा कंपनीने तो बिंदू एका तलावात नेऊन ठेवला. उत्तरासोबत ‘अॅक्युरसी रेडियस’ म्हणून उत्तर किती अंतराने चुकू शकतं ते सांगणारा किलोमीटरमधला एक आकडा येतो, नकाशावर टाचणी मारायच्या आधी तो वाचाच.

आता एपीआय. त्याची सोय खरी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. एक यूआरएल मारायची, जेसन स्वरूपात आलेल्या उत्तरातून देशाचा कोड उचलायचा, अर्ध्या तासात काम झालं, फाइल नाही, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) नाही, डेटा ताजा ठेवायची काळजी त्यांची. समोरचा व्हीपीएनवरून, म्हणजे खरं ठिकाण लपवून, आलाय का हेही कळायला हवं असेल तर पैसे भरून एपीआय घेतलेला बरा, जिओलाइट२ मध्ये ते मिळत नाही. फुकट योजना घेणार असाल तर अटी वाचा, उदाहरणार्थ आयपी-एपीआय डॉट कॉमवर फुकटात मिनिटाला ४५ विनंत्या, एचटीटीपीएस नाही आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिलेलं आहे. माझी सेवा दुसरी होती, पैसे भरून घेतलेली, आणि चालूही नीट होती. पान उघडताना किंचित अडखळल्यासारखं वाटायचं, मोजलं नाही कधी, पण कॅश (आधीची उत्तरं साठवून ठेवणं) लावल्यावर तेही कमी झालं.

मग ऐन दिवाळीच्या तोंडावर होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरच्या पुढे नवीन प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, बसवला. माझा कोड विनंतीसोबत येणाऱ्या ज्या हेडरमधून (माहितीच्या ओळीतून) आयपी उचलायचा तो हेडर येईना झाला आणि एपीआयकडे आयपीच्या जागी रिकामी स्ट्रिंग (काहीच नसलेला मजकूर) जायला लागली. आता अशा बऱ्याच सेवांची पद्धत अशी असते की आयपी दिलाच नाही तर जो विचारतोय त्याचंच ठिकाण सांगायचं. ब्राउझरमधून थेट विचारणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण इथे विचारणारा होता माझा सर्व्हर, आणि तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. म्हणजे जगातून कोणीही येवो, उत्तर एकच, भारत, महाराष्ट्र, मुंबई. लॉगमध्ये एक एरर नाही, सगळीकडे २००, म्हणजे ‘सगळं ठीक’चा कोड, सगळं हिरवंगार.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला, “अरे, न्यू जर्सीच्या त्या ताईंनी चार किलो मागवलंय आणि कुरिअरचे ऐंशीच रुपये भरलेत, बघ बरं जरा काय झालंय.” बघितलं तर अशा अकरा ऑर्डरी. मावशीने एकाकडेही वरचे पैसे मागितले नाहीत, सणाचं आहे म्हणाली आणि सगळी पार्सलं पाठवली. मला ते फार लागलं.

त्याच रात्री मी लॅपटॉपवर जिओआयपी२ लावून बघितली. रिकामी स्ट्रिंग दिली, तर तिथल्या तिथे व्हॅल्यूएरर. १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) दिला, तर अॅड्रेस-नॉट-फाउंड-एरर. बाकी सगळे मुद्दे वर-खाली होतील, पण माझ्यासाठी निवड तिथेच झाली. हिला माहीत नसेल तर ती माहीत नाही म्हणते. एपीआयमध्येही रिकामा आयपी आधीच अडवता आला असता हे मला मान्य आहे, नीट लिहिणारे अडवतातही, पण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं तर ती ओंजळ कधी काय देईल हे सगळं आपणच ओळखून ठेवावं लागतं.

फाइलवाल्या बाजूला कटकटी आहेत आणि त्या सुरुवातीलाच अंगावर येतात. ३० डिसेंबर २०१९ पासून जिओलाइट२ खातं उघडून लायसन्स की घेतल्याशिवाय उतरवता येत नाही. डेटा मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो, जिओआयपीअपडेट नावाचा प्रोग्रॅम क्रॉनमध्ये टाकला की तो आपोआप आणतो. हे टाळू नका, नवीन डेटा आल्यावर ३० दिवसांत जुना पुसायचा ही अटच आहे. डॉकर (अॅप आणि त्याचं सगळं सामान एका ‘इमेज’मध्ये बांधून चालवायचं साधन) वापरत असाल तर फाइल इमेजमध्ये भाजून ठेवू नका, बाहेर व्हॉल्यूमवर, म्हणजे वेगळ्या साठवणीत, ठेवा, नाहीतर इमेज जितकी जुनी तितका डेटा जुना. आणि रीडर (लायब्ररीतला फाइल वाचणारा भाग) अॅप सुरू होताना एकदाच उघडा, मी पहिल्या दिवशी प्रत्येक रिक्वेस्टला उघडत होतो आणि साइट कुथायला लागली होती. रीडर तिथून बाहेर काढला तेव्हापासून आयपी शोधायला वेळ लागतो हेच जाणवत नाही. फक्त देश हवा असेल तर सिटीची फाइल घेऊच नका, कंट्रीची पुरते आणि खूप लहान असते. कधी कधी आयपीची नोंद सापडते पण देशाचा कोड रिकामा येतो, तेवढं तपासून घ्या.

देशांची नावं आठ भाषांत येतात, जपानी आहे, रशियन आहे, पण मराठी नाही आणि हिंदीही नाही, म्हणून मी फक्त दोन अक्षरी कोड घेतो आणि नावं माझ्या डिक्शनरीतून दाखवतो. खात्याची भानगड नको असेल तर डीबी-आयपी या दुसऱ्या कंपनीची लाइट फाइल बघा, महिन्यातून एकदा येते, तीही जिओलाइट२सारखी एमएमडीबी प्रकारचीच असल्याने हीच लायब्ररी वाचते, फक्त साइटवर त्यांची लिंक द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट मला हळूहळू महत्त्वाची वाटायला लागलीय. एपीआय वापरला की येणाऱ्या प्रत्येक माणसाचा आयपी आपण तिसऱ्याच्या हातात देतो. युरोपियन न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलंय की बदलता आयपीसुद्धा वैयक्तिक माहिती ठरू शकतो, आणि मावशीची गिऱ्हाइकं जर्मनीतही आहेत. फाइल असली की तो आयपी घराबाहेर जात नाही.

तुमची साइट शेअर्ड होस्टिंगवर असेल, दिवसाला पन्नास माणसं येत असतील आणि क्रॉनला हात लावायचा नसेल, तर एपीआय घ्या, चालेल, फक्त आयपी रिकामा किंवा खासगी (फक्त आतल्या नेटवर्कपुरता) नाही ना हे कॉलच्या आधी तपासा. स्वतःचा सर्व्हर असेल आणि आयपीवरून पैशाचा आकडा बदलणार असेल तर मी तरी फाइलच घ्या म्हणेन.

आणि दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी देश बदलायचा पर्याय पानावर ठेवा. मावशीच्या साइटवर आता सगळ्यात वर ‘पार्सल कुठे पाठवायचं?’ असा ड्रॉपडाउन आहे, आयपीवरून तो फक्त आधी भरून ठेवतो आणि कुरिअरचा खर्च त्याच्यावरून धरतो. कारण कोथरूडमधली आई बोस्टनच्या मुलासाठी फराळ मागवते तेव्हा आयपी भारत सांगतो, ते उत्तर बरोबरच असतं, आणि डबा मात्र बोस्टनला जायचा असतो.