पीएम २.५ वर्षानुवर्षं मोजायचं तर: फिल्टर सॅम्पलर की लेझर सेन्सर?

पैसे एकाच यंत्रापुरते आहेत आणि एकाच चौकातल्या हवेतले पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, पाच वर्षं मोजायचे आहेत. काय घ्यावं?

आधी अचूकता. सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा फिल्टरमधून ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत भारतातल्या २४ तासांच्या मानकाइतके, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण असले तरी फिल्टरवर जमते जेमतेम १.४४ मिलिग्रॅम धूळ. बोट लागलं की वजन बिघडलंच. फिल्टर चिमट्यानेच उचला, आधी आणि नंतर सारख्याच आर्द्रतेत २४ तास ठेवून मगच तोला. एक कोरा फिल्टरही सोबत नेऊन आणा, म्हणजे नुसत्या हाताळणीने वजन किती बदलतं ते कळेल.

सेन्सर वजन करत नाही, कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून मुंबईच्या जुलैत आकडा उगाच चढतो. रस्त्यावरची जाड धूळ त्याला नीट दिसत नाही. त्याचा पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा धरूच नका.

टिकाऊपणात खरा धोका सेन्सरचाच. पंखा झिजतो, लेझर मंदावतो, आणि हवा सुधारल्याचा भास होऊ शकतो. दरवर्षी महिनाभर तो हवा मोजणाऱ्या सरकारी स्वयंचलित केंद्राशेजारी ठेवून पडताळा.

मेहनत मात्र सॅम्पलरला जास्त: आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ नमुने, शिवाय प्रयोगशाळा.

वर्षागणिक कल सिद्ध करायचा असेल किंवा धुळीत शिसं, सल्फेट किती ते हवं असेल, तर सॅम्पलर. कचरा रात्री किती वाजता जळतो ते पकडायचं असेल, तर सेन्सर; सॅम्पलर दिवसाचा एकच आकडा देतो, सेन्सर सतत मोजतो.