चर्चच्या कॅम्पला भाड्याचे टेंट : घ्या, पण खुंट्या बघून घ्या

डिसेंबरात चर्चच्या युथ ग्रुपला नळदुर्गच्या बाजूला कॅम्पला नेलं, लीडर लोकांत मी पण होतो म्हणून टेंटचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सोलापुरातल्याच एका दुकानातून भाड्याने घेतले, नाव लिहित नाही. टेंट चांगले आहेत, डबल लेयर, चेन अडकत नाही, पोरींनी तर अंधार पडायच्या आत उभे पण केले. पण खुंट्या!! बारीक तारेच्या, आणि आपल्याकडची जमीन म्हणजे वर जरा काळी माती अन् खाली लगेच मुरूम, दोन दणके बसले की वाकल्याच, शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. स्लीपिंग बॅगांना कुबट वास, त्यापेक्षा घरची सोलापुरी चादर बरी, पहाटे थंडी वाजतेच. डिपॉझिट मात्र कटकट न करता परत दिलं आणि रात्री फोन पण उचलला. आणि हो, पोरं मॅगीसाठी कितीही मागे लागली तरी टेंटच्या आत स्टोव्ह पेटवू देऊ नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साठतो, त्याला वास पण नसतो. पुढच्या वेळी टेंट तिथूनच घेणार, खुंट्या लोहाराकडून जाड सळईच्या करून घेणार.