गाडी रस्त्यात बंद पडली तर: फोनवरची मदत, डिकीतलं सामान की नाक्यावरचा मेस्त्री?

माझ्या मावसभावाने आठ वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली. विमा भरता भरता त्याचा फोन आला. "दादा, इथे रोडसाइड असिस्टन्सचा, म्हणजे गाडी रस्त्यात अडली की फोनवरून मदत मागवायचा, एक चौकोन आहे. टिक करू, का त्या पैशात डिकीत ठेवायला काही सामान घेऊ? आणि तसंही आपल्याकडे दर नाक्याला मेस्त्री असतोच की." तीन पर्याय त्याने एका दमात मांडले. फोनवर त्याला तुटक तुटक सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

गाडी कशाने अडते यावर उत्तर बरंचसं ठरतं. टायर आणि उतरलेली बॅटरी ही रोजची दुखणी. क्लच गेला, इंजिन तापून बसलं, पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं गेलं, तर गाडी उचलून नेण्यावाचून इलाज नाही. आणि मधला एक प्रकार असतो, ज्यात गाडी धडधाकट असते पण वायपर फिरत नाही, हॉर्न वाजत नाही किंवा स्टार्टर फिरतो आणि इंजिन पकडत नाही. फ्यूज बहुतेक इथेच भेटतो.

गणपतीला गावी जाताना ताम्हिणी घाटात रात्री नऊच्या सुमारास माझा पुढचा वायपर अर्ध्या काचेवर थांबला. पाऊस ताम्हिणीचा, म्हणजे काय ते सांगायला नको. मोबाइलला रेंज नाही. बायकोने टॉर्च धरली आणि मी स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. आतल्या तक्त्यावर वायपरची जागा सापडली, चिमट्याने पांढरा, २५ अँपिअरचा फ्यूज ओढला. मधली तार तुटलेली, प्लास्टिक आतून काळवंडलेलं. स्पेअरची जागा रिकामी. मागे कुठल्या तरी गॅरेजमध्ये तो वापरला गेला असणार आणि परत कुणी बसवला नसणार. मागच्या काचेच्या हीटरचा फ्यूज २५ चाच होता, तो काढून इथे लावला. वायपर हातभर सरकला आणि तोही गेला. तेव्हा कुठे बाहेर जाऊन बघायची बुद्धी झाली. वायपरच्या बुडाशी, बोनेटच्या कडेला, करंगळीएवढी काटकी अडकून बसली होती. मोटर अडली की करंट वाढतो, करंट वाढला की फ्यूज उडतो. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. काटकी आधी काढली असती तर दुसरा फ्यूज वाचला असता.

डब्यात ३० चा हिरवा होता, आणि हात तिकडे गेलाही. लावला नाही. फ्यूजचा आकडा मोटरच्या सोयीने नाही, तर मागच्या वायरच्या जाडीला धरून ठरवलेला असतो. मोठा फ्यूज लावला की वायर तापते तरी फ्यूज जात नाही, आणि मग डॅशबोर्डमागे धूर निघतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालू करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या गाडीत मी मागे बसत नाही. आम्ही पाऊण तास काचा बंद करून बसलो, पाऊस ओसरल्यावर हळूहळू खाली उतरलो आणि सकाळी माणगावात दहा रुपयांना फ्यूज घेतला.

म्हणून डिकीतल्या सामानात माझ्या लेखी पहिला नंबर फ्यूजच्या डबीचा. शे-दीडशे रुपयांत मिळते. घेण्याआधी आपल्या गाडीतला एक फ्यूज काढून दुकानात न्या, कारण फ्यूजच्या पात्यांचे आकार वेगळे असतात. जुन्या गाड्यांत मोठे, नंतरच्यांत मिनी, आणि काहींत आखूड पायांचे मिनी. रंग मात्र सगळीकडे सारखे: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. सोबत शंभरेक रुपयांचा टेस्ट लँप घ्या. त्याचा क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा आणि फ्यूजच्या डोक्यावर जी दोन उघडी टोकं दिसतात त्यांना लँपचं अणकुचीदार टोक टेकवायचं. ते सर्किट चालू असताना एका टोकावर दिवा लागला आणि दुसऱ्यावर नाही, तर तोच गेलेला. एकेक फ्यूज उपटून डोळ्यांनी बघण्यापेक्षा हे लवकर होतं. मल्टिमीटर जास्त सांगतो, पण पावसात, एका हातात छत्री धरून, दिवाच बरा.

फ्यूजचे डबे बहुतेक गाड्यांत दोन असतात: एक डॅशबोर्डखाली, एक बोनेटखाली बॅटरीजवळ. बोनेटखालच्या डब्यात स्क्रूने कसलेले ८०-१०० अँपिअरचे मोठे फ्यूज दिसले तर ते रस्त्यावर उघडू नका. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना तर हातच नको. चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याचदा जातो. आपण हवा भरायचा पंप लावून ठेवतो आणि त्याच खाचेत स्वस्तातला चार्जरही खुपसतो, ते त्याला झेपत नाही. गाडी त्याने अडत नाही, पण नकाशा दाखवणारा मोबाइल मरतो आणि मग माणूस अडतो.

बॅटरीसाठी केबल की छोटा लिथियमचा जंप स्टार्टर, हा प्रश्न हमखास येतो. केबल स्वस्त, पण दुसरी गाडी लागते आणि रात्री दोनला ती थांबत नाही. जंप स्टार्टरला तीन-चार हजार मोजावे लागतात आणि तो दर दोन-तीन महिन्यांनी आठवणीने चार्ज करावा लागतो. चार्ज करणाऱ्यातले तुम्ही नसाल तर केबलच घ्या. लावताना लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

आता तो चौकोन. विम्यासोबतची रोडसाइड असिस्टन्स साधारण काही शे रुपयांत मिळते, पण नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर ती बहुधा मिळत नाही. गाडी उचलून नेणं हा तिचा खरा उपयोग. किती किलोमीटरपर्यंत फुकट आणि वर्षात किती वेळा, हे आधी वाचा. त्याच दोन ओळींत सगळं असतं. नव्या गाडीला कंपनीची सेवा आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरण्यात अर्थ नाही. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र मी डोळे मिटून टिक करीन, कारण ती बहुधा चाकांवर ओढत नेता येत नाही, सपाट ट्रक लागतो.

उणी बाजू माझ्याच वाट्याला आली. कोल्हापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली, ॲपने पाऊण तास सांगितला आणि मदत अडीच तासांनी आली. आलेला मुलगा हुशार होता. त्याने पाच मिनिटांत इंधन पंपाचा फ्यूज गेल्याचं शोधलं, पण त्याच्याकडे त्या आकाराचा फ्यूजच नव्हता. माझ्या डबीतला निघाला.

एक गोष्ट फुकट आहे आणि लोक विसरतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर लावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे रस्ते विकास महामंडळाचे, तिथली गस्त आणि क्रेन वेगळी. कडेच्या फलकावर नंबर असतो. जीवाचाच प्रश्न असेल तर ११२. त्या रस्त्यांवर बोनेट उघडून उभं राहायचंच नाही. डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जायचं आणि फोन करायचा. घाटात त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवायचा, वळण संपल्यावर ठेवून उपयोग नाही. (त्रिकोणाऐवजी दगड लावणाऱ्यांनी जाताना ते उचलावेत, एवढी विनंती.)

राहिला मेस्त्री. दिवसा, गावाजवळ, त्याच्याइतकं लवकर कुणी येत नाही. वायरिंगवाल्याचा हात तर वेगळाच: हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा चौकोनी स्विच) काढून इंधन पंपाच्या जागी लावून गाडी चालू केलेली मी पाहिली आहे, आणि दोन्ही रिलेंवरचा नंबर एकच असेल तर ते बरोबरच आहे. पण "साहेब, डायरेक्ट करून देतो" असं तो म्हणाला की थांबवा. म्हणजे फ्यूज वगळून वायर थेट जोडणार. घरापर्यंत पोचाल, पण तो जोड नंतर कुणी काढत नाही. नव्या, सेन्सरांनी भरलेल्या गाडीत त्याचाही नाइलाज होतो.

मावसभावाचं रोजचं येणं-जाणं चिंचवड ते हिंजवडी, आणि महिन्यातून एकदा गुहागर. त्याला म्हटलं, टिक कर, फ्यूजची डबी आणि दिवा घे, जंप स्टार्टर नको. फक्त शहरात फिरणारी, पाच वर्षांच्या आतली गाडी असती तर नुसत्या डबीवर आणि मेस्त्रीवर भागेल असं सांगितलं असतं. घाटातून वारंवार जाणाऱ्याने डबी आधी घ्यावी, चौकोनाचं नंतर बघावं, कारण रेंज नसली की ॲपही नसतं.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. आकार बघायला म्हणून त्याने झाकण काढलं होतं. स्पेअरच्या तिन्ही जागा रिकाम्या आणि हॉर्नच्या जागी, जिथे तक्त्यावर १५ लिहिलंय, तिथे हिरवा ३० चा.

"आधी तो काढ," म्हटलं.