मधमाशीपालनाचे वर्ग: फी भरण्याआधी काय बघावं

पुणे-सातारा पट्ट्यात नवशिक्याला तीन वाटा आहेत: पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, महाबळेश्वरचं मध संचालनालय, आणि शनिवार-रविवारच्या खासगी कार्यशाळा.

पुण्याची संस्था खादी व ग्रामोद्योग आयोगाची, १९६२ सालची. माशीचं जीवनचक्र, रोग, किडी, मध आणि मेण हे सगळं पायापासून समजून घ्यायचं असेल तर पहिली पसंती हिलाच. सातेरी (इथली देशी माशी) आणि मेलिफेरा (बाहेरून आणलेली परदेशी माशी), दोन्ही माश्यांची ओळख इथे होते. महाबळेश्वरचं संचालनालय राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं. घाटमाथ्यावर किंवा कोकणात परसातल्या दोन-चार पेट्यांपासून सुरुवात करणाऱ्याने तिकडेच जावं, कारण त्या रानाची माशी सातेरी आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षणानंतर साहित्यावर ५० टक्के अनुदान मिळतं. मेलिफेराच्या दहा चौकटींच्या (चौकट म्हणजे माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी फ्रेम) पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकने हलवाव्या लागतात. तो पूर्णवेळ धंदा आहे, छंदाचं काम नाही.

एका दिवसाची कार्यशाळा ही भीती घालवण्यापुरती. तेवढ्यावर पेटी विकत घेऊ नये.

वर्ग कुठलाही असो, फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: माश्यांनी भरलेली चौकट प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उचलायला मिळते का? बाकी सगळं वाचून कळतं, हे नाही. पेटी उघडायची ती ऊन पडल्यावर, वारा नसताना. धुराड्यात (माश्यांना शांत करायला धूर सोडायचं भांडं) सुकं शेण किंवा काथ्या. पेटीच्या दारातून दोन-तीन हलके झोत द्यायचे, मिनिटभर थांबायचं. दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आधी कडेची चौकट काढून जागा करायची, मग आतल्या सरळ वर उचलायच्या. पोळं आडवं धरलं की कोवळं मेण मधाच्या वजनाने तुटतं, आणि त्यावर राणी असेल तर तीही जाते. म्हणून चौकट कायम पेटीच्या वरच धरायची.

मग ऊन पाठीवर घेऊन पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघायचं. पहिल्या दिवशीचं अंडं उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी कालपर्यंत तरी कामावर होती. तिला शोधत पेटी उघडी ठेवायची गरज नाही. जो शिक्षक हे दाखवतो, त्याच्याकडे शिकावं.

सातेरीच्या बाबतीत नवशिक्याचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे वसाहत पेटी सोडून निघून जाणं. कारणं ठरलेली: उपासमार, मुंग्या, मेणकिडा (पोळ्याचं मेण पोखरणारी कीड), आणि हौसेने रोज झाकण उघडणं. एरवी आठ-दहा दिवसांनी एकदा तपासणी पुरते. पावसाळ्यात फुलोरा नसतो. तेव्हा चौकटी न हलवता पेटीच्या तळाची फळी (तळपाट) झाडून घ्यायची, कारण मेणकिड्याच्या अळ्या तिथल्या कचऱ्यातच वाढतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार केलेला पाक संध्याकाळीच द्यायचा. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि मारामारीत अशक्त पेटी संपते.

पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं (नवी राणी वाढवायची घरं) दिसली तर ती वेगळी गोष्ट: वसाहत फुटायच्या, म्हणजे एकीच्या दोन व्हायच्या तयारीत आहे. हे फुटणं आणि वर सांगितलेलं निघून जाणं यांतला फरक वर्गात स्पष्ट करून घ्या, उपाय अगदी उलटे आहेत. फुटणाऱ्या वसाहतीला जागा द्यावी लागते किंवा तिची विभागणी करावी लागते. निघून जाणारीला खाऊ आणि शांतता.

वर्ग निवडताना महिनाही बघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत वसाहत वाढताना दिसते. जूनच्या वर्गात निम्मी शिकवणी फळ्यावरच होते.

पेटीची खरेदी वर्गानंतर. सातेरीसाठी ए आणि बी असे दोन प्रकार मिळतात, त्यांच्या चौकटी एकमेकींत बसत नाहीत. म्हणून जवळच्या मधपाळांकडे जो प्रकार असेल तोच घ्या. अडचणीच्या वेळी अंड्यांची एक चौकट उसनी मिळाली तर राणी गमावलेली वसाहत नवी राणी तयार करू शकते. गावातल्या मधपाळ-गटात जायचं ते यासाठी. गटात शिकाऊ पेटी आहे का, हंगामात कोणी येऊन बघतं का, हे आधी विचारा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला, २०२२ साली जाहीर झालेल्या ‘मधाच्या गावा’त, एक चक्कर जरूर मारावी.

मधयंत्र (चौकटीतला मध काढायचं यंत्र) मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका, गटाचं वापरा. मध फक्त वरच्या मधकोठीतून, म्हणजे पेटीच्या मध साठवायच्या वरच्या कप्प्यातून काढायचा आणि चौकटीवरची तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच. २० टक्क्यांहून जास्त पाणी राहिलेला मध आंबतो.