दिल्लीचं ९८वं साहित्य संमेलन: ताराबाईंसाठी पैकीच्या पैकी

फेब्रुवारी २०२५ला तालकटोरा स्टेडियमला झालेलं हे संमेलन, मी तर खास अध्यक्षा ताराबाई भवाळकरांना ऐकायला गेले आणि खरंच कान तृप्त झाले. तेव्हा वय पंच्याऐंशी, लोकसाहित्याचा एवढा दांडगा अभ्यास पण बोलणं कसं साधं, सरळ काळजाला भिडणारं. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या पण साहित्यिकच होत्या हे यांना वाचलं की पटतं, त्यांचं ‘सीतायन’ पुस्तक घ्याच, बायकांच्या गाण्यांतली सीता किती वेगळी आहे बघा. फक्त एक गोष्ट फार लागते, कुसुमावतीबाई देशपांडे, दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाबाई राजाध्यक्ष, अरुणाताई ढेरे आणि २०२५ला ताराबाई, ९८ संमेलनांत अध्यक्ष बायका फक्त ६! गौरी देशपांडे, कविता महाजन यांना कधीच मिळालं नाही हे पद.