‘डॉट-बी’ अभ्यासक्रम: शाळेने घ्यावा का?

‘डॉट-बी’ हा ११ ते १८ वयोगटासाठीचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, अभ्यासक्रम. ब्रिटनमधल्या ‘माइंडफुलनेस इन स्कूल्स प्रोजेक्ट’ने तो तयार केला. एक ओळखीचा तास, मग नऊ धडे. तास ४० मिनिटांचा धरा, तासभर मिळाला तर उत्तम.

जमेची बाजू म्हणजे यात उपदेश नाही आणि सराव छोटे आहेत. सगळ्यात उपयोगी ‘पाय जमिनीवर, बूड खुर्चीवर’. नाव ऐकून वर्ग हसतो, हसू द्यावं. मग लक्ष तळव्यांकडे न्यायचं: टाच टेकली आहे का, बोटं बुटात आवळली आहेत का, मांडीचा भार खुर्चीवर कुठे पडतोय. सुरुवातीला दोन मिनिटं पुरेत. घाबरलेल्या मुलाला श्वासापेक्षा हे सोपं जातं, कारण छातीत धडधड होत असताना श्वासाकडे लक्ष नेलं की धडधड आणखी जाणवते.

७-११ श्वासाचं तसं नाही. सात आकडे श्वास आत, अकरा आकडे बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती जरा उतरते, एवढंच त्यामागचं गणित. पण शिक्षक संथ मोजतात, मुलं शर्यत लावतात आणि कुणाला तरी गरगरतं. ३-५ने सुरुवात करा, मोजणी ज्याची त्याने मनात करावी. बाहेरचा श्वास लांब हवा, आकडा कितीही असो.

डोळे मिटण्याची सक्ती तर नकोच. आघातातून गेलेल्या मुलाला डोळे मिटून शांत बसवणं त्रासाचं ठरू शकतं. नजर बाकावर ठेवायची, हवं तेव्हा थांबायचं, ही मुभा दर तासाला पुन्हा सांगावी लागते.

आता खटकणारी गोष्ट. हाच अभ्यासक्रम ‘मिरियड’ चाचणीत तपासला गेला: ब्रिटनमधल्या ८५ शाळा, ८ हजारांहून अधिक मुलं, निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या (भावना ओळखणं, सावरणं, इतरांशी जुळवून घेणं शिकवणाऱ्या तासांच्या) तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात सरस फरक दिसला नाही. बहुतेकांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला थोडा कमी झालेला दिसला. त्यामुळे ‘मनाची लवचीकता वाढते’ असं माहितीपत्रकात छापणाऱ्या शाळेने जरा जपून.

आमच्या मते अख्ख्या इयत्तेला सक्तीने बसवण्यात अर्थ नाही. ज्यांना हवं त्यांचा छोटा गट करा. घरच्या सरावावर भिस्त न ठेवता रोज हजेरीनंतर तीन मिनिटं वर्गातच द्या. दंगा झाला म्हणून ‘चला, श्वासावर लक्ष द्या’ असं एकदा जरी म्हटलं, तरी मुलांच्या लेखी ती शिक्षा होते. मग पुढचे धडे वाया.

शिकवणारा कोण, हा प्रश्न पैशांच्या आधी सोडवा. शिक्षकाने आधी स्वतःसाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स करायचा आणि मग हा अभ्यासक्रम शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, अशी या अभ्यासक्रमाची रीत आहे. पहिला टप्पा गाळून नुसत्या स्लाइड वाचणाऱ्याला मुलं लगेच ओळखतात. आणि गंभीर नैराश्य किंवा स्वतःला इजा करण्याची लक्षणं असलेलं मूल या तासाच्या भरवशावर ठेवू नका, त्याला थेट समुपदेशकाकडे न्या.